सफरचंदाचं वय कुणी सांगायचं?

दुकानातल्या सफरचंदावर नखाएवढा स्टिकर असतो. त्यावर ४१३१ असेल तर फळ फुजी वाणाचं, मोठ्या आकाराचं. ४०१७ असेल तर मोठं ग्रॅनी स्मिथ. आकड्याच्या आधी ९ लागला तर सेंद्रिय. पेटीवर याहून जास्त मजकूर असतो: देश, वाण, प्रत, आकार, नग, माल कुणी भरला. एवढं सगळं छापून झाल्यावर एकच गोष्ट राहून जाते. फळ झाडावरून कधी उतरवलं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. दहा दिवसांचं की दहा महिन्यांचं, हे पेटी भरणाऱ्याला ठाऊक असतं, विकत घेणाऱ्याला नसतं.

यात कुणी कायदा मोडत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या अन्नमाहिती नियमाने (क्रमांक ११६९) न सोललेल्या, न चिरलेल्या ताज्या फळांना आणि भाज्यांना तारीख छापण्यातून सूट दिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचं सफरचंदासाठीचं मानक, एफएफव्ही-५०, वाण, प्रत, आकार आणि मूळ देश सांगायला लावतं. तोडणीची तारीख मागत नाही. अशा सवलतीमागे एक जुनी समजूत असते: ताजं फळ गिऱ्हाईक डोळ्यांनी आणि हातांनी पारखून घेतं, त्याला कागदाची गरज नाही. सफरचंदाच्या बाबतीत ही समजूत आता खरी राहिलेली नाही. म्हणून तोडणीचा महिना, साठवणीचा प्रकार आणि साठवणीची खोली उघडल्याची तारीख या तीन गोष्टी पेटीवर आणि दुकानातल्या भावफलकावर सक्तीने लिहिल्या गेल्या पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे.

जुनं सफरचंद वाईट असतं म्हणून मी हे म्हणत नाही. नीट तोडलेलं, नीट ठेवलेलं आठ महिन्यांचं फळ हे शेतीशास्त्राचं मोठं यश आहे आणि ते लपवण्याचं काहीच कारण नाही. लपवलं जातं म्हणूनच ‘वर्षभर जुनी सफरचंदं मेण लावून खपवतात’ अशी अर्धवट बातमी दर थोड्या दिवसांनी फिरते आणि लोक घाबरतात. फळ बागेतून हातात येईपर्यंत त्याचं काय काय होतं, हे पाहिलं म्हणजे नेमकं काय छापायला हवं तेही कळतं.

सुरुवात झाडापाशी. सफरचंद तोडल्यावरही पिकत राहतं. पिकायला लागलं की ते इथिलीन वायू सोडतं, तो वायू पिकणं आणखी वाढवतो आणि एकदा हे चक्र फिरू लागलं की ते मागे नेता येत नाही, फक्त संथ करता येतं. त्यामुळे लांबच्या साठवणीसाठीचं फळ हे चक्र सुरू होण्याच्या उंबरठ्यावर तोडावं लागतं. तो उंबरठा ओळखायची सगळ्यात स्वस्त चाचणी आयोडीनची. एकेका भागातून दहाएक फळं घ्यायची, प्रत्येक फळ कमरेतून आडवं कापायचं, कापलेली बाजू आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात बुडवून मिनिटभर थांबायचं. स्टार्च असेल तिथे गर निळा-काळा होतो. स्टार्चची साखर झाली असेल तिथे पांढराच राहतो. कच्चं फळ जवळपास सगळं काळं दिसतं. मग गाभ्याभोवती पांढरी चांदणी उमटते आणि फळ जसजसं पिकतं तसतशी ती सालीकडे पसरत जाते. कॉर्नेल विद्यापीठाचा तक्ता या चित्रांना १ ते ८ असे गुण देतो. फळ लगेच विकायचं असेल तर साधारण ५-६ ला तोडतात. आठ महिने ठेवायचं असेल तर ३ च्या आसपास. वाण बदललं की हे आकडेही हलतात.

जोडीला दाबमापक असतो. फळाच्या दोन बाजूंची साल चकतीएवढी काढून ११ मिलिमीटरचं टोक खुणेपर्यंत गरात दाबायचं आणि किती किलो जोर लागला ते वाचायचं. तोडणीच्या वेळी चांगल्या फळाला सात-आठ किलो जोर लागतो. पाचाच्या खाली गेलेलं फळ खाणाऱ्याला मऊ लागतं. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात, ती बहुधा ११ ते १५ च्या दरम्यान येते. या तीन आकड्यांवर तोडणीचा दिवस ठरतो, निदान ठरायला हवा.

प्रत्यक्षात तो बऱ्याचदा रंगावर ठरतो, आणि घोटाळ्याचं मूळ इथेच आहे. लाली येते ती ऊन आणि थंड रात्रींमुळे. पिकण्याशी तिचं नातं सैल आहे. पण मानकं लाली मोजतात. एफएफव्ही-५० मध्ये लाल वाणांच्या गटाला ‘एक्स्ट्रा’ प्रत मिळवायची तर तीन चतुर्थांश साल लाल हवी, पहिल्या प्रतीला अर्धी. मार लागल्याचा डाग पहिल्या प्रतीत एक चौरस सेंटिमीटरपर्यंत चालतो, हेही मोजून दिलं आहे. पक्वता तपासताना कडकपणा पाहता येईल, एवढाच त्याचा उल्लेख येतो. किमान आकडा नाही. म्हणजे फळ किती लाल आहे याला माप आहे, खाताना कसं लागेल याला नाही.

या मोजमापाने एका वाणाचं काय केलं ते रेड डेलिशसच्या इतिहासात दिसतं. १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेसी हाइअट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेलं ते झाड. मूळ फळ पट्ट्यापट्ट्यांचं होतं. पुढे कुठल्या तरी फांदीवर जास्त लाल फळ दिसलं की तिचीच कलमं करायची, असं पिढ्यानपिढ्या चाललं. शेवटी असे उपप्रकार आले की जे पिकण्याआधीच पूर्ण लाल होतात. लाल दिसतंय म्हणून तोडायचं, तोडल्यावर ते आतून कच्चं, साल जाड, आणि साठवणीतून बाहेर येईपर्यंत गर पिठूळ. जगातलं सर्वात देखणं सफरचंद चवीला नावडतं होत गेलं. २०१८ च्या हंगामात अमेरिकेतलं त्याचं पहिलं स्थान ‘गाला’ या वाणाने घेतलं. गिऱ्हाइकाला रंग दिसतो, वय दिसत नाही, तेव्हा बाजार रंगच पिकवतो.

लवकर तोडलेल्या फळाला वास येत नाही, ते सुरकुततं, आणि साठवणीत त्याच्या सालीवर भाजल्यासारखे तपकिरी पट्टे पडतात. याला स्काल्ड म्हणतात. सालीतलं अल्फा-फार्नेसीन हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं त्यामुळे हे होतं, आणि ग्रॅनी स्मिथ यात सगळ्यात हळवं. उशिरा तोडलेल्या फळाचा गर आतून तपकिरी पडतो. गाभ्याभोवती पाणी भरल्यासारखा काचेरी भाग दिसत असेल तर ते फळ खायला गोड, पण महिनोन्‌महिने ठेवायला नालायक. बिटर पिट म्हणजे सालीखालचे कडू, खोलगट ठिपके. ते कॅल्शियमच्या कमतरतेमुळे येतात आणि झाडावर थोडीच, मोठमोठी फळं असली की जास्त येतात. हंगामभर कॅल्शियम क्लोराइडच्या फवारण्या करून ते आटोक्यात ठेवावे लागतात. साठवण हे दोष बरे करत नाही, फक्त उशिरा दाखवते. खोली बंद करताना निर्दोष दिसणारा माल चार महिन्यांनी ठिपकेदार निघतो तो असा.

तोडण्याचंही एक तंत्र आहे. फळ ओढायचं नाही. तळव्यात धरून वर उचलत थोडं पिरगाळायचं, म्हणजे ते देठासकट सुटतं आणि शेजारचा पुढच्या वर्षीचा डोळा शाबूत राहतो. देठ निघून आला तर तिथे उघडं भोक राहतं, बुरशीला आयतं दार. देठ फार टणक असेल तर तो शेजारच्या फळाला भोसकतो, म्हणून हनीक्रिस्पसारख्या वाणाचे देठ कात्रीने छाटतात. पिशवी भरली की ती मोठ्या पेटाऱ्यात ओतायची नसते, तिचा तळ उघडून पेटाऱ्याच्या तळाशी टेकवत सोडायची असते. कठीण फळीवर काही सेंटिमीटरांवरून पडलं तरी मार बसतो. तो लगेच दिसत नाही. पेशी फुटतात, आतली द्रव्यं हवेशी मिसळतात आणि काही तासांनी तपकिरी डाग उमटतो. सकाळी आदळलेल्या फळाचं बिंग संध्याकाळी फुटतं, तोवर तोडणारा दुसऱ्या रांगेत गेलेला असतो.

मग उन्हाचा प्रश्न. दुपारी तोडलेल्या फळाच्या गराचं तापमान २८-३० अंश सेल्सिअस असू शकतं. साठवायचं असतं ० ते १ अंशाला. (हनीक्रिस्पला एवढी थंडी सोसत नाही, त्याला आठवडाभर १० अंशांना ठेवून मग ३ अंशांवर नेतात.) साध्या खोलीच्या तापमानाला एक दिवस राहिलेलं फळ शीतगृहातल्या आठवडा-दहा दिवसांइतकं पिकतं. बागेच्या कडेला पेटारे दोन दिवस ट्रकची वाट पाहत राहिले तर शीतगृहात शिरण्याआधीच पंधरवड्याचं आयुष्य संपलेलं असतं. हा हिशेब लक्षात ठेवा. तारखेला विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा याच्यातून निघतो, आणि तो मी पुढे घेणार आहे.

साध्या शीतगृहात सफरचंद वाणानुसार दोन ते पाच-सहा महिने टिकतं. त्यापुढे न्यायचं तर थंडी पुरत नाही, हवा बदलावी लागते. ऑक्सिजन नसेल तर फळ पिकत नाही, हे फ्रान्समध्ये मोंपेलिएच्या बेरार यांनी १८२१ मध्येच नोंदवलं होतं. त्याचा वापर व्हायला शंभर वर्षं गेली. केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी पहिल्या महायुद्धानंतर सफरचंदाच्या श्वसनावर बारकाईने काम केलं आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात अशा पद्धतीची पहिली व्यापारी कोठी उभी राहिली. आज तिला नियंत्रित वातावरणाची साठवण, धंद्याच्या भाषेत सीए, म्हणतात.

खोली हवाबंद असते, दारासकट. ती पाच-सात दिवसांत भरायची, कारण पहिला पेटारा शेवटच्याची वाट पाहत तिथे म्हातारा होत असतो. फळ थंड झालं की दार लावून नायट्रोजन सोडायचा. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांवर आणायचा, आधुनिक खोल्यांत एक टक्क्याच्या आसपास. फळ श्वास घेतच राहतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो. तो चुन्याच्या पिशव्या किंवा कोळशाचा गाळणी-संच लावून काढून टाकायचा. तो जास्त झाला तर गाभा तपकिरी होतो. ऑक्सिजन गरजेपेक्षा खाली गेला तर फळ आंबतं आणि त्याला मद्याचा वास येतो. या दोन खड्ड्यांमधून गाडी महिनोन्‌महिने चालवायची. आता काही ठिकाणी फळाच्या सालीतल्या हरितद्रव्याची चमक मोजणारे सेन्सर लावून फळ कासावीस होतंय का ते पाहतात आणि ऑक्सिजन अर्ध्या टक्क्यापर्यंत नेतात. आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवतात, कारण फळाचं पाच टक्के वजन पाण्याच्या रूपाने गेलं की साल सुरकुतलेली दिसते.

या खोलीत माणूस शिरला तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. २०१३ मध्ये इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये अशाच खोलीत फळांचे नमुने काढायला शिरलेले दोन कामगार गेले. दाराला काचेची खिडकी आणि त्यावर धोक्याची पाटी असते ती याचसाठी. ‘वर्षभर ताजी सफरचंदं’ या तीन शब्दांमागे कुठल्या प्रकारची खोली उभी आहे, हे खाणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

याच्या जोडीला २००२ पासून आणखी एक हत्यार आलं. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकेनशिप यांनी १-एमसीपी हा वायू शोधला आणि त्या वर्षी अमेरिकेत तो खाण्याच्या फळांवर वापरायला परवानगी मिळाली. इथिलीनचा संदेश टिपणारी जी जागा फळाच्या पेशीत असते, तिथे हा वायू जाऊन बसतो. इथिलीन आलं तरी त्याला कुणी दार उघडत नाही. प्रमाण अगदी नगण्य: हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, बंद खोलीत २४ तास. फळ नंतर बाहेर काढलं तरी बरेच दिवस कडक राहतं.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं. पण थंडी, कमी ऑक्सिजन आणि १-एमसीपी ही त्रयी कडकपणा जेवढा राखते तेवढा सुवास राखत नाही. सफरचंदाचा वास म्हणजे मुख्यतः ब्युटाइल ॲसिटेट, हेक्झाइल ॲसिटेट अशी एस्टरं, आणि ती फळ पिकताना तयार होतात. पिकणं थांबवलं की ती बनणंही थांबतं. फार दिवस थांबवलं तर बाहेर काढल्यावरही फळ ती पूर्वीसारखी बनवत नाही. आंबटपणाही हळूहळू उतरतो, कारण फळ श्वास घेताना मॅलिक आम्ल वापरत असतं. मग हातात येतं ते असं फळ: दाबलं तर दगड, चावलं तर कर्रकन आवाज, साखर आहे, आणि तरी काहीतरी कमी.

माझा सगळा आग्रह इथून निघतो. अंगठ्याने दाबून पाहणं, टिचकी मारून ऐकणं, सालीची तकाकी बघणं, ही गिऱ्हाइकाची पिढीजात कसोटी होती आणि ती बऱ्यापैकी चालायची. फळ जुनं झालं की मऊ पडायचं, म्हणून कडक म्हणजे ताजं. तंत्राने हे समीकरण मोडलं. तकाकीचं तर काही विचारूच नका. पॅकिंगच्या कारखान्यात फळ धुताना त्याचं नैसर्गिक मेण निघून जातं, म्हणून कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं मेण) किंवा लाखेचा पातळ थर देतात. खायला तो निरुपद्रवी आहे, फळामागे थेंब-दोन थेंब. पाणी उडणं कमी होतं, हाही त्याचा खरा उपयोग. पण चकाकी बघून वय ओळखायची सोय संपते. विकणाऱ्याच्या बाजूला मोजमापं वाढत गेली आणि घेणाऱ्याच्या बाजूची होती ती मापंही निकामी झाली. जी माहिती पूर्वी फळच सांगायचं, ती आता कागदाने सांगायला हवी.

पॅकिंगच्या रांगेबद्दल थोडक्यात. पेटारा पाण्यात बुडवतात आणि फळं तरंगत बाहेर येतात. सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे पाव भाग हवा असते, म्हणून ते तरंगतं. नासपती तरंगत नाही, तिच्यासाठी पाण्यात क्षार घालून ते जड करावं लागतं. हे पाणी स्वच्छ राखलं नाही तर एका कुजक्या फळातली पेनिसिलियमची निळी बुरशी हजारो फळांच्या जखमांत शिरते, म्हणून त्यात क्लोरीनचं प्रमाण दिवसभर तपासत राहायचं असतं. पुढे ब्रश, वारा, मेण, आणि मग कॅमेरे. प्रत्येक फळ गरगर फिरताना त्याचे बरेच फोटो निघतात. काही यंत्रं प्रकाश आरपार सोडून गाभ्याचा तपकिरीपणा आणि साखरही मोजतात. मग नगाप्रमाणे पेट्या. १८ किलोच्या पेटीत ८८ नग म्हणजे एकेक फळ साधारण २०० ग्रॅमचं. इतक्या तपशिलाने तपासलेल्या फळाची एक तारीख मात्र सांगता येत नाही, असं आपल्याला सांगितलं जातं.

खोली उघडल्यानंतरची गोष्ट पॅकिंगपेक्षा महत्त्वाची. खोली एकदा उघडली की आत नेहमीची हवा येते आणि फळ पुन्हा जोमाने श्वास घेऊ लागतं. आतला शेकडो टन माल काही एका दिवसात विकला जात नाही. भाव पडलेले असले तर तो साध्या थंडीत आठवडेच्या आठवडे पडून राहतो. सप्टेंबरात तोडलेलं, मेमध्ये उघडलेलं आणि चार दिवसांत दुकानात आलेलं फळ चांगलं निघू शकतं. तेच फळ मार्चमध्ये उघडून मेमध्ये दुकानात आलं तर पिठूळ निघण्याची भीती जास्त. तोडणीचा महिना दोघांचाही एकच. नुसती तोडणीची तारीख पुरत नाही, ती या कारणाने. उघडल्याची तारीखच जास्त बोलकी आहे, आणि तीच छापायला व्यापारी सर्वात नाखूष असतील असा माझा अंदाज आहे.

आता विरोधाचे मुद्दे. पहिला: तारीख बघून लोक फळ उचलणार नाहीत आणि चांगला माल फेकला जाईल. हा मुद्दा पोकळ नाही. ब्रिटनमधल्या काही मोठ्या साखळी दुकानांनी २०२२ मध्ये ताज्या फळभाज्यांवरच्या ‘या तारखेपूर्वी उत्तम’ छापाच्या तारखा काढून टाकल्या, कारण त्या तारखेमुळे घराघरांतून चांगलं अन्न केराच्या डब्यात जात होतं. ते योग्यच झालं. पण ती तारीख म्हणजे विकणाऱ्याने केलेलं भाकीत होतं, आणि भाकीत नेहमी सावध असतं. तोडणीचा महिना ही घडून गेलेली गोष्ट आहे. ती ‘फेका’ असं सांगत नाही. सुरुवातीला काही लोक बिचकतील, हे मान्य. पण आठ महिन्यांचं फळ खाऊन चांगलं लागलं, असा अनुभव उघडपणे घेतल्याशिवाय ती भीती जाणार तरी कशी?

दुसरा मुद्दा सरमिसळीचा. मोठ्या कारखान्यात माल आधी आकाराप्रमाणे वेगळा करून पुन्हा पेटाऱ्यांत भरतात आणि मागणी येईल तसा पेट्यांत घालतात. त्यात वेगवेगळ्या बागांचा, वेगवेगळ्या तोड्यांचा माल एकत्र येतो. गालासारख्या वाणाचे तर तीन-चार तोडे होतात. पण इथे कुणी दिवस मागतच नाही, महिना मागतो आहे. शिवाय प्रत्येक पेटाऱ्यावर बाग, वाण आणि तोडणीचा दिवस सांगणारी चिठ्ठी असतेच, नाहीतर कुठली खोली आधी उघडायची हे ठरवता आलं नसतं. युरोपात २००५ पासून प्रत्येक अन्नव्यावसायिकाला माल कुणाकडून आला आणि कुणाकडे गेला याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. माल परत बोलवायची वेळ आली की या नोंदी झटपट सापडतात. मग लेबलाच्या वेळीच त्या अवघड का होतात?

तिसरा मुद्दा मी वर राखून ठेवला होता: तारीख म्हणजे दर्जा नव्हे. दोन दिवस उन्हात थांबलेलं ऑक्टोबरचं फळ, संध्याकाळीच थंड केलेल्या सप्टेंबरच्या फळापेक्षा म्हातारं असू शकतं. अगदी खरं. म्हणूनच काही जण सुचवतात की तारखेऐवजी कडकपणाचा आकडा छापा. मला ते पटत नाही. दाबमापकाने मोजलेलं फळ विकायला उरत नाही, त्यामुळे आकडा येणार तो नमुन्याचा. आणि १-एमसीपी दिलेलं फळ त्या परीक्षेत नेहमीच वरच्या नंबराने पास होणार, वास असो वा नसो. तारखेतून दर्जा कळत नाही, पण तारखेमुळे दर्जाबद्दल प्रश्न विचारता येतो. एकाच महिन्याचं, एकाच सुमारास उघडलेलं एका बागेचं फळ छान आणि दुसरीचं पिठूळ लागलं, तर फरक हाताळणीचा आहे हे गिऱ्हाइकाला उमगतं. आज तो एवढंच म्हणतो की ‘यंदा गाला काही खास नाही’, आणि दोष वाणाच्या माथी जातो.

हाच न्याय दुकानालाही लागू आहे. शून्य अंशांवर आठ महिने जपलेलं फळ दुकानात वीस-पंचवीस अंशांना, दिव्याखाली, ढीग करून ठेवलं जातं. नवा माल वरून ओततात, तळाचा तळातच राहतो. आठवड्याभरात जे होतं ते बागवाल्याच्या नावावर जमा होतं. भावफलकावर उघडल्याची तारीख असेल तर निदान कुणाच्या हातात फळ किती दिवस होतं, हे दिसेल.

लहान बागायतदारांवर बोजा पडेल असंही म्हटलं जातं. ज्याच्याकडे सीए नाही, जो हंगामातच माल विकतो, त्याला तर ही तारीख वरदान आहे. ताजेपणा हे त्याचं एकमेव भांडवल, आणि आज ते सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच साधन नाही. जो साध्या शीतगृहातला माल सीएच्या भावात शेवटपर्यंत रेटतो, त्याची अडचण होईल. होऊ दे.

हे सगळं होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात एकच धागा आहे: मूळ देश. उत्तर गोलार्धात तोडणी ऑगस्ट ते नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते मे. जूनमध्ये इटली किंवा पोलंडचं फळ दिसलं तर ते किमान सात महिन्यांचं आहे. न्यूझीलंड किंवा चिलीचं असेल तर बहुधा चार महिन्यांच्या आतलं, त्यातला महिनाभर जहाजावर गेलेला. नोव्हेंबरात हा हिशेब नेमका उलटा. घरी आणल्यावर फळ भोकं पाडलेल्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवावं, आणि पालेभाजीपासून लांब, कारण सफरचंदाच्या इथिलीनने पानं पिवळी पडतात. सीएतून आलेलं फळ टेबलावरच्या टोपलीत आठवडाभर शोभेला ठेवण्याजोगं नसतं.

मागणी किती लहान आहे ते पाहा. ‘तोडणी सप्टेंबर, नियंत्रित वातावरण, खोली उघडली १२ मे’, एवढी एक ओळ. प्रत्येक फळाच्या स्टिकरवर ती नको. तिथे जागाही नाही आणि स्टिकर आधीच पुष्कळ आहेत. पेटीच्या बाजूला, जिथे वाण, प्रत आणि नग छापतात, तिथे हवी, आणि दुकानदाराने तीच भावफलकावर उतरवायची. पेटीवर लॉटचा क्रमांक आजही छापला जातो. त्या आकड्यांत बाग, खोली आणि दिवस यांचा माग दडलेला असतो. तो क्रमांक छापणाऱ्या यंत्राला एक ओळ वाढवायला सांगायची, इतकंच.